तक्त्यात पहिलं नाव आजीचं

गरोदरपणात कोणी कोणतं औषध घेतलं याचा तीन पिढ्यांचा औषधतक्ता भरायचा तर खान्देशात आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, मोका नाही. सासरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात आणि आजी, आई, लेक अशा तिघी एका ओट्यावर सापडतात. एरवी लेक सुरतेला, आई धरणगावला आणि आजी शिरपूरकडच्या एखाद्या खेड्यात, म्हणजे तीन फेऱ्या आणि तीन वेगवेगळ्या गोष्टी. ही आजी म्हणजे आईची आई. सासरच्या घरी बसून तक्ता भरला की हमखास चूक होते ती इथेच. तिथे समोर असते ती नवऱ्याची आई, आणि सगळे प्रश्न तिलाच विचारले जातात. तिचाही रकाना आहे, पण तो नवऱ्याच्या बाजूचा, आणि तो नंतर.

तिघी का लागतात याचं कारण गर्भाच्या वाढीतच आहे. मुलीचा गर्भ साधारण वीस आठवड्यांचा होतो तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजपेशी तयार असतात. जन्मापर्यंत त्यातल्या दहा-वीस लाख उरतात आणि नव्या होत नाहीत, असंच आजवर मानलं जातं. म्हणजे आजीने गरोदरपणात एखादी हार्मोनची गोळी घेतली तर ती आजीच्या अंगात गेली, पोटातल्या आईच्या अंगात गेली आणि त्या आईच्या अंडाशयात तयार होत असलेल्या नातीच्या बीजापर्यंतही पोचली. एक गोळी, तीन पिढ्या.

हे जगाला शिकवलं ते डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या औषधाने, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेनने (स्त्री-हार्मोनने). लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये ते तयार केलं. स्वस्त, तोंडाने घेता येणारं आणि पेटंट नसलेलं, त्यामुळे बनवणारे पुष्कळ झाले. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते सर्रास देत. तिथली गाजलेली पद्धत अशी: सातव्या आठवड्याला रोज ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग वाढवत वाढवत पस्तिसाव्या आठवड्याला रोज १२५ मिलिग्रॅम. शिकागो विद्यापीठातल्या सोळाशेहून अधिक गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीत १९५३ सालीच दिसलं, की याने गर्भपात टळत नाही. तरीही वाटप चालूच राहिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींमधल्या योनीमार्गाच्या एका दुर्मिळ कर्करोगाच्या आठ केसेस मांडल्या. त्यातल्या सात जणींच्या आयांनी हे औषध घेतलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस गरोदरपणात ते देऊ नये असा इशारा अमेरिकेत निघाला, युरोपातल्या काही देशांत मात्र ते आणखी काही वर्षं चाललं.

लक्षात घ्यायची गोष्ट ही, की त्या आठ जणींचं कोडं प्रयोगशाळेत सुटलं नाही. आयांना बसवून विचारलं, तेव्हा सुटलं.

कर्करोग तसा क्वचित, आईच्या पोटात असताना औषध लागलेल्या हजार मुलींमागे साधारण एकीला. मोठा भार वेगळाच निघाला. २०११ मध्ये छापलेल्या अमेरिकी पाहणीत वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत वंध्यत्वाचं प्रमाण औषध लागलेल्या मुलींत ३३.३ टक्के होतं, न लागलेल्यांत १५.५. नळीतला गर्भ १४.६ विरुद्ध २.९ टक्के. दिवस भरण्याआधी बाळंतपण ५३.३ विरुद्ध १७.८. मुलग्यांमध्ये अंडकोश खाली न उतरणं, अंडकोशामागे गाठी येणं हे दिसलं. नातवंडांबद्दलचा पुरावा मात्र कच्चा आहे, आणि तक्ता भरणाऱ्याने तो कच्चाच सांगावा. मुलग्यात लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असण्याचा धोका नेदरलँड्समधल्या २००२ च्या अभ्यासात वीसपट निघाला होता, पुढच्या अभ्यासांत तो आकडा बराच खाली आला. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीत २०१८ मध्ये नातवंडांतल्या अतिचंचलतेचा संबंध दिसला, शक्यता साधारण ३६ टक्क्यांनी जास्त.

आता आपल्याकडचं. खान्देशातल्या आजीच्या तोंडून हे लांबलचक नाव कधी निघणार नाही, आणि ते शोधत बसूही नये. इथे तीन गोष्टी विचारायच्या असतात: ‘पाळी आणायची गोळी’, ‘गर्भ टिकायची सुई’ आणि ‘मुलाचं औषध’.

पहिली म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची जास्त मात्रेची जोडगोळी. दिवस गेलेत का हे पाहायला ती देत. एक-दोन गोळ्या घ्यायच्या, काही दिवसांत रक्तस्राव झाला तर दिवस नाहीत. नाही झाला तर आहेत, आणि मग त्या गर्भाला ते औषध आधीच लागलेलं. पाडण्यासाठीही बायका ती घेत, आणि पडत तर नसे. स्त्री-संघटनांनी याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, उत्पादक कोर्टात गेले, स्थगिती आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि बंदी पक्की व्हायला १९८८ उजाडलं. म्हणून १९८८ च्या आधीची बाळंतपणं असली की हा प्रश्न चुकवायचा नाही.

दुसरी म्हणजे हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं इंजेक्शन. कॅलिफोर्नियात १९६० च्या आसपासच्या गरोदरपणांचा पाठपुरावा २०२१ मध्ये छापून आला. त्यात हे इंजेक्शन घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये पुढच्या आयुष्यात कर्करोगाचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं. दिवस भरण्याआधीचं बाळंतपण टाळण्यासाठी त्याला दिलेली मंजुरी अमेरिकेने एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली, कारण मोठ्या चाचणीत उपयोगच दिसला नाही.

नावं आठवत नाहीत, चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. पण बायकांच्या अंगाला सगळं आठवतं, ते विचारायचं. सुई दंडाला होती की कुल्ल्याला? दंडाला, पूर्ण गरोदरपणात दोनदा, तर ती धनुर्वाताची. कुल्ल्याला आणि नंतर कातडीवर काळपट-तपकिरी डाग राहिला, तर ती लोहाची. कुल्ल्याला, तेलासारखी घट्ट, सावकाश टोचलेली, नंतर गाठ आल्यासारखं दुखलं आणि दर आठवड्याला पुन्हा बोलावलं, तर हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची शंका धरायची. गोळ्यांचंही तसंच. बारीक पिवळी गोळी फॉलिक अ‍ॅसिडची, शौच काळी करणारी लोहाची, गिळताना घशात अडकणारी मोठी पांढरी कॅल्शियमची. ‘दोनच गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आठ दिवसांत कपडे आले (पाळी आली) तर कळवा’, हे ऐकू आलं की पेन खाली ठेवायचा नाही. तक्त्यात मात्र ‘शंका’ असंच लिहायचं. आठवणीतून औषध ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि आपण लिहिलेलं ‘नक्की’ पुढचा डॉक्टर खरं धरून चालतो.

औषधाच्या नावापेक्षा मोलाचा असतो आठवडा, कारण नाव चुकलं तरी आठवड्यावरून कोणता अवयव तेव्हा घडत होता ते कळतं. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल लवकर, म्हणजे अठराव्या आठवड्याच्या आत, सुरू झालं तिथे योनीमार्गातले बदल जास्त दिसले. मुलग्याचं बाहेरचं लिंग मुख्यतः आठव्या ते चौदाव्या आठवड्यात घडतं. तेच औषध तिसाव्या आठवड्यात घेतलं असेल तर प्रश्नच वेगळे.

आजीला आठवडा विचारून काही मिळत नाही. सण विचारायचा. कानबाईचे रोट झाले होते का? पोळा? सारंगखेड्याची जत्रा? कापूस वेचायला जात होतीस की अजून निंदणी चालू होती? ‘आखाजी व्हती, तवय सुई टोची’ एवढं मिळालं तरी काम होतं. समजा बाळ १२ डिसेंबरला जन्मलं, पूर्ण दिवसांचं. त्यातून २८० दिवस मागे गेलं की शेवटची पाळी साधारण ७ मार्चची. जुन्या पंचांगात त्या वर्षीची आखाजी ५ मेच्या सुमारास असेल, तर मध्ये ५९ दिवस, म्हणजे आठवा आठवडा भरून नववा लागलेला. इथे एक खोच आहे. दवाखान्यातले आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, गर्भविज्ञानाच्या पुस्तकातले गर्भधारणेपासून. फरक दोन आठवड्यांचा. तक्त्याच्या डोक्यावरच ‘पाळीपासून’ असं लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही.

या हिशेबाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे १ जून. पन्नाशीच्या पुढच्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो टाकलेला. आधार कार्डावर तोच उतरला. त्या तारखेवरून मागे मोजलं तर सगळा तक्ता वाया. म्हणून जन्मतारीख १ जून दिसली की ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदीचा उतारा मागायचा. तिथेही नोंद नसेल तर पुन्हा सणावर यायचं. दुसरा शत्रू म्हणजे आठव्या महिन्यातलं बाळंतपण. ‘पुऱ्या दिवसांचं होतं का’ हे न विचारता २८० वजा केले तर चार-पाच आठवड्यांची चूक सहज होते, आणि इथे चार आठवड्यांत अवयव बदलतो.

कागद मिळतोय का हे एकदा पाहायचं, पण आशा ठेवायची नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. म्हणजे नातीच्या चालू गरोदरपणाचे कागद हक्काने मागता येतात, आजीचे नाही. आजीचा कागद असला तर तो पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या आणि लग्नपत्रिकांच्या मध्ये.

आता ‘मुलाचं औषध’. हा रकाना भरायला सगळ्यात अवघड आणि आमच्या मते या भागात सगळ्यात गरजेचा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. जिथे मुलग्याची एवढी ओढ, तिथे हे औषध विकणाराही असतो. मुलगा की मुलगी हे गर्भ धरतानाच बापाच्या बीजावरून ठरलेलं असतं. औषध मात्र दिलं जातं दीड ते अडीच महिन्यांच्या मध्ये, म्हणजे नेमकं बाहेरचं लिंग घडण्याच्या सुमारास. यापेक्षा वाईट वेळ शोधूनही सापडणार नाही. शिवलिंगीचं बी, कसल्याशा पुड्या, गोऱ्हा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायच्या. पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. हरियाणात अशा औषधांवर झालेल्या अभ्यासात त्यांचा संबंध मृतजन्माशी आणि जन्मजात व्यंगांशी आढळला.

‘मुलासाठी औषध घेतलं का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’. ‘दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुधातून काही घ्यायला सांगितलं होतं का’ असं विचारलं की मान हलते. सासू ओट्यावर असेल तर मानही हलत नाही, म्हणून आधी सासूला चहाचं सांगावं. पुडी उरली असेल तर फेकू द्यायची नाही. कोरड्या डबीत, तारीख घालून ठेवायची. औषधाने गर्भाचं लिंग बदलतं असा दावा करणंच औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीने मना केलेलं आहे, आणि लिंगनिवडीची जाहिरात गर्भलिंग निदान कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायची.

जन्मलेल्या मुलीचं बाह्यांग वेगळं दिसलं, लिंग नक्की सांगता येईना, तर घरात लगेच त्या औषधावर बोट ठेवलं जातं. इथे घाई जिवावर बेतते. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात विकारातही मुलगी अशीच दिसते, आणि त्यातल्या मीठ वाहून जाणाऱ्या प्रकारात बाळ पहिल्या एक ते तीन आठवड्यांत ओकाऱ्या होऊन, सुकून दगावतं. म्हणून आधी रक्तातल्या १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची तपासणी, सोडियम-पोटॅशियम, गुणसूत्रं. औषधाचा इतिहास डॉक्टरांच्या हातात द्यायचा, निदान आपण करायचं नाही. मुलग्याचं छिद्र खाली असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते, आणि तोवर सुंता करायची नाही. दुरुस्तीला तीच कातडी लागते. हे न कळल्यामुळे पुढे सर्जनची अडचण होते.

तक्ता भरून झाला, आजीच्या नावापुढे इस्ट्रोजेनची शंका लिहिली गेली, की मधल्या पिढीची, म्हणजे आईची तपासणी आधी. खालची पद्धत डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल लागलेल्या मुलींसाठी बसवलेली आहे. बाकी हार्मोनसाठी ती जशीच्या तशी लागू नाही, कुणाला किती करायचं हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. पण ती कशी होते हे माहीत असलं की अर्धवट तपासणी ओळखता येते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून गर्भपिशवीचं तोंड बघतात. ती तपासणी चांगलीच, पण ती फक्त तोंडाची, योनीच्या भिंतींची नाही. शिवाय स्पेक्युलमची, म्हणजे योनीमार्ग उघडून बघायच्या उपकरणाची, दोन पाती पुढची आणि मागची भिंत झाकून टाकतात, म्हणजे जिथे बघायचं तेच पात्याखाली. म्हणून भिंती बघताना स्पेक्युलम थोडं सैल करून चौथाई वळवावं लागतं, किंवा काढत काढत बघावं लागतं. त्याआधी चारी भिंती बोटाने चाचपायच्या, खडा किंवा जाडी लागते का ते. मग स्वॅब: एक तोंडाचा, दुसरा भिंतींचा, आणि काचपट्टीवर तसं वेगवेगळं लिहायचं. एकाच पट्टीवर दोन्ही घेतलं तर ग्रंथीपेशी तोंडाच्याच समजून रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. भिंतीवर त्याच पेशी नॉर्मल नसतात.

स्वॅब झाल्यावरच ल्युगॉलचं आयोडीन, आधी नाही. नेहमीच्या पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या गर्द तपकिरी होतात. जिथे ग्रंथीपेशी आहेत तिथे रंग धरत नाही, फिकट ठिपके राहतात. त्या ठिपक्यांवर दुर्बिणीने बघायचं आणि गरज वाटली तर तुकडा काढायचा. आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायचं. सोबत पॅड न्यायचं, नाहीतर साडीला डाग. तपासणीआधी दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची औषधं नकोत, आणि पाळी चालू नसावी. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय किंवा जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचं तर स्त्रीरोग विभागात आधी वार विचारून निघायचं. नवापूर-अक्कलकुव्याकडून आलेल्या बाईला ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हटलं, की ती परत येत नाही.

दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही अपुरी आहेत. एक, ‘एचपीव्ही निगेटिव्ह आहे, आता काही नको.’ एचपीव्ही म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगामागचा विषाणू; या औषधाशी जोडलेला, वर सांगितलेला दुर्मिळ ‘क्लिअर सेल’ कर्करोग बहुधा त्या विषाणूमुळे होत नाही. दुसरं, ‘पिशवी काढली आहे, मग स्वॅब कशाला?’ आपल्याकडे चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका कमी नाहीत. पिशवी गेली तरी भिंती राहतात.

मूल हवं असलेल्या मुलीची तऱ्हा वेगळी. पिशवीचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा आहे का हे नळ्यांच्या एक्स-रेत दिसतं. तो रक्तस्राव थांबल्यावर, साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी करतात. थ्रीडी सोनोग्राफी मात्र पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, अस्तर जाड असताना चांगली येते. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलं की एक तरी बिघडतं. दिवस राहिले की गर्भ पिशवीतच आहे ना यासाठी लवकर सोनोग्राफी, आणि सोळा ते चोवीस आठवड्यांत पिशवीच्या तोंडाची लांबी आतून मोजायची. ती २५ मिलिमीटरच्या खाली गेली की टाका घालायचा का, हे डॉक्टर ठरवतात.

हे सगळं ऐकून एखादी गरोदर मुलगी त्याच रात्री आपल्या गोळ्या बंद करते. म्हणून आखाजीच्या ओट्यावरून उठण्याआधी तिच्या चालू चिठ्ठ्या बघायच्याच. थायरॉईडची गोळी बंद करायची नाही. गर्भ टिकावा म्हणून देतात ते नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन म्हणजे जुनं इस्ट्रोजेन नव्हे. ब्रिटनमधल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या २०१९ च्या चाचणीत ते सगळ्यांना उपयोगी ठरलं नाही, पण आधी गर्भपात झालेले आणि आता रक्त जाणाऱ्या स्त्रियांत फायदा दिसला. विचारायचं ते इतकंच: ‘डॉक्टर, हे मला कशासाठी, आणि कोणत्या आठवड्यापर्यंत?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.

औषधाचा दुष्परिणाम वाटला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर नोंद करता येते. फोन करताना औषधाचं नाव, मात्रा, सुरू आणि बंद केल्याची तारीख हाताशी लागते, बॅच क्रमांक असला तर उत्तम. पाकिटाची पट्टी कापताना तारखेचा कोपरा आधी जातो, म्हणून गोळ्या उलट्या टोकाकडून काढायच्या.

तक्त्याच्या तीन प्रती. एक आजीकडे पेटीत, एक आईकडे, एक लेकीच्या फोनमध्ये फोटो काढून. पेटीतली प्रत प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या दोन गोळ्यांसकट.